ब्राँझची त्रिभंग आकृती: नवताल प्रमाण आणि उघडी पोकळ पाठ एकत्र कशी बसवावी?

शाडू_ते_ब्राँझ:
नमस्कार मंडळी. बैठक सोडून ७५ सें.मी. उंचीची उभी स्त्री-आकृती ब्राँझमध्ये ओतायची आहे. ठेवण चोळ ब्राँझची, म्हणजे तमिळनाडूतल्या चोळ राजवटीतल्या मूर्तींसारखी आहे: त्रिभंग (अंग तीन जागी वळलेलं), भार उजव्या पायावर, डावा गुडघा जरा सैल, उजवा हात कटक मुद्रेत (फूल धरल्यासारखी बोटं), डावा खाली सोडलेला. दागिने मात्र जवळजवळ नाहीत. दोन्ही दंडांवर एकेक वाकी आणि कमरेला मेखलेची एक साधी पट्टी, एवढंच. पाठ मानेखालपासून कमरेपर्यंत उघडी राहील आणि आतली पोकळी दिसेल. डाव्या खांद्यावरून पातळ पत्र्यासारखा मोकळा पदर खाली येतो. आकृती अलिबागजवळ समुद्रापासून साधारण ३०० मीटरवर, अंगणात उघड्यावर बसेल.

अडकलंय ते असं. नवताल या मूर्तिशास्त्रातल्या प्रमाणाने शाडूत उभी केली की डोकं मोठं वाटतं, आणि मॉडेलच्या मापाने केली की चोळ लय हरवते. भरीव ओतावी की पोकळ, आणि धातू कुठला घ्यावा? पदर २ मि.मी. जाडीचा निघेल का? शिवाय हिरवा पटिना (धातूवर रसायनांनी आणलेला रंग) हवा आहे, पण खाऱ्या हवेत तो टिकेल का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी मापांसकट सांगावं.

तालमान:
आधी प्रमाणाबद्दल, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. नवताल म्हणजे नऊ डोकी नव्हेत. ताल हे चेहऱ्याचं माप आहे: केशरेषेपासून हनुवटीपर्यंत, १२ अंगुळं. केशरेषेच्या वरची टाळू वेगळी, साधारण ४ अंगुळं. म्हणजे अख्खं डोकं झालं १६ अंगुळांचं.

पायापासून वर मोजत चला: पाऊल ४, नडगी २४, गुडघा ४, मांडी २४, जननस्थानापासून नाभी १२, नाभीपासून छाती १२, छातीपासून कंठ १२, मान ४, चेहरा १२. बेरीज १०८. टाळूची ४ धरली की ११२. ग्रंथागणिक दोन-चार अंगुळांचा फरक पडतो, पण सांगाडा हाच. आता ११२ ला १६ ने भागा, ७ डोकी येतात. कला महाविद्यालयात मॉडेल बसवून शिकवतात तो हिशेब साडेसात डोक्यांचा. त्यामुळे नवतालात डोकं मोठं वाटणं स्वाभाविक आहे. तुमचं माप बरोबर आहे, डोळ्याला सवय दुसऱ्या मापाची आहे. चोळ शिल्पी हा भार उंच मुकुटाने आणि अरुंद कमरेने सावरून घेतात. तुमच्या आकृतीला मुकुट नाही, म्हणून डोकं उघडं पडतंय. केसांचा उंच जुडा घ्या, ८ ते १० अंगुळांचा, आणि तो ११२ च्या बाहेर मोजा. दुसरा उपाय देवीसाठी सांगितलेल्या मध्यम दशतालाचा, म्हणजे १२० अंगुळांचा. त्यात वाढलेली अंगुळं अंगभर वाटली जातात आणि धड-पाय जरा लांबतात. जुडा नको असेल तर माझी पसंती दशतालाला.

माप घ्यायची जुनी रीत आजही सगळ्यात सोयीची आहे. तमिळनाडूतल्या स्वामीमलई गावचे स्थपती (परंपरागत मूर्तिकार) नारळाच्या पानाची पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापतात आणि घड्या घालून तिचे भाग पाडतात. तुम्ही कार्डबोर्डची पट्टी घ्या. मेण आणि धातू मिळून साधारण ३ टक्के आकसतात, म्हणून ७५ सें.मी. ब्राँझसाठी माती ७७.३ सें.मी. हवी. ११२ ने भागलं की एक अंगुळ ६.९ मि.मी. आणि चेहरा ८.३ सें.मी. पट्टी अंगाच्या मध्यरेषेवरून वाकवत मोजा, सरळ उभी धरून नको. त्रिभंगात कंबर बाहेर गेली की उभी उंची एक-दोन सें.मी. कमी भरते. ती कसर पाय लांबवून भरून काढली की लय मोडलीच म्हणून समजा.

ओळंबा कंठाच्या खळगीतून सोडा. तो भार असलेल्या पायाच्या आतल्या घोट्यावर पडला पाहिजे. इथे चोळ शिल्पी आणि पाश्चात्त्य अॅकॅडमिक पद्धत यांचं पूर्ण एकमत आहे. भांडण आहे ते पृष्ठभागावर. चोळ दंड हत्तीच्या सोंडेसारखा उतरतो, त्यात कोपराचं हाड नाही, गुडघ्याची वाटी जवळजवळ नाही, गळ्याचं हाड नाही. आत श्वास भरून धरल्यासारखी त्वचा ताणलेली असते. अशा अंगावर तुम्ही गळ्याचं हाड दाखवलंत, की डोळा लगेच दंडाचा स्नायू शोधतो, मग कोपर, मग गुडघा. एक हाड दाखवलं की सगळी दाखवावी लागतात. म्हणून समोरची बाजू सलग, ताणलेली ठेवा आणि जे आधुनिक म्हणायचंय ते पाठीच्या कापलेल्या कडेवर आणि आतल्या पोकळीत म्हणा. जुनं आणि नवं त्या कडेवर भेटू द्या.

कड नुसती ४ मि.मी. राहिली तर पत्र्याचा डबा कापल्यासारखी दिसेल. कडेपासून १५ मि.मी. पट्ट्यात जाडी हळूहळू ७-८ मि.मी. करा. आतल्या बाजूला मेणाचे बोटांचे ठसे तसेच राहू द्या.

ताडून बघायला एक नमुना: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली उभी पार्वती, १०व्या शतकाच्या सुरुवातीची, उंची ६९.५ सें.मी., जवळपास तुमचंच माप. फोटोवर पट्टी ठेवून गुडघ्याचा पट्टा आणि पोटाचा घेर मोजा. आणि शरीर पाश्चात्त्य, नेसण मराठी हा मेळ आपल्याकडे शिल्पकार म्हात्र्यांनी १८९६ च्या ‘मंदिरपथगामिनी’त प्लास्टरमध्ये घातला होता. तिथे अंगाची सगळी हाडं आहेत आणि लय वस्त्राने सांभाळली आहे. म्हणजे हा प्रश्न उलट्या बाजूनेही सुटतो. दोन्ही बाजू एकाच अंगावर मात्र नकोत.

पाय बारीक आहेत, तेव्हा गुडघ्याखाली दोन्ही पाय भरीव ओतले तर आकृती पक्की उभी राहील असं मला वाटतं. ओतकामवाले यावर सांगतीलच.

मूस:
तालमान यांचा कडेचा सल्ला ओतकामाच्याही सोयीचा आहे, त्यावर पुढे येतो. भरीव पायांना मात्र माझा विरोध आहे.

पहिला हिशेब वजनाचा. या मापाची आकृती भरीव ओतली तर ५० किलोच्या आसपास जाते. साडेचार मि.मी. जाडीची पोकळ केली तर १६ ते १८ किलो. स्वामीमलईत पूजेच्या मूर्ती भरीव ओततात, आपल्याकडे दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेले रथ, हत्ती, गेंडा, रेडा हेही भरीव आहेत आणि चारही मिळून ६० किलोंच्या वर भरतात. तिथे कारण पूजेचं, विधीचं किंवा लहान मापाचं असतं. भरीव ओतीव हळू गोठते, शेवटी मध्ये गोठते आणि तिथे आकसून पोकळ्या पडतात. स्वामीमलईत जाड मातीचा तापलेला साचा जमिनीत पुरून ओततात, म्हणून धातू सावकाश गोठतो आणि वरून रस (वितळलेला धातू) मिळत राहतो. सिरॅमिक शेलमध्ये, म्हणजे मेणाच्या आकृतीवर स्लरी (सिरॅमिकचं पातळ मिश्रण) आणि वाळूचे थर देऊन, मग आतलं मेण काढून केलेल्या कवचात, तसं होत नाही. तुमची पाठ तर उघडी आहे, आतलं दाखवायचंच आहे. तेव्हा पोकळ.

आता पाय. पिंढरीचा व्यास या मापाला ५ सें.मी. येतो. ५ सें.मी. भरीव पिंढरीला साडेचार मि.मी.ची मांडी जोडली की मांडी आधी गोठणार, पिंढरीला रस मिळणं बंद होणार आणि गुडघ्यामागे स्पंजसारखी छिद्रं येणार. वरून दिसत नाहीत, कानस लावली की उघडतात. म्हणून भरीव फक्त पाऊल आणि घोट्याच्या वर ५ सें.मी. ठेवा, तेही घोट्यावर जाडी हळूहळू कमी करत. टाचेखाली २५ मि.मी.चा रायझर (जादा रस पुरवणारा खांब) द्या. पिंढरीच्या नळीत शेलची स्लरी वाळत नाही, म्हणून तिथे ओतायचा सिरॅमिक गाभा (पोकळी राखणारा आतला भराव) भरा आणि ३ मि.मी. स्टेनलेसच्या खिळ्यांनी तो पकडून ठेवा. प्रत्येक पायाला निदान चार खिळे, आमनेसामने, दोन्ही बाजूंनी १२ मि.मी. बाहेर. खिळे विसरलात तर मेण निघून गेल्यावर गाभा एका बाजूला टेकतो. मग त्या बाजूला भोक आणि समोरच्या बाजूला ९ मि.मी. जाड भिंत. ओतल्यावर खिळे काढून भोकांना एम-४ आटे पाडा, त्याच धातूचा आटेदार तुकडा फिरवून बसवा, कापा, हातोडीने ठोकून बंद करा.

धातू. ‘कांस्य’ हा शब्द सैल वापरला जातो, म्हणून आधीच सांगतो: भांड्यांचं कासं, ज्यात कथील २२ टक्क्यांच्या आसपास असतं, ते आकृतीला घेऊ नका. ठिसूळ असतं, छिन्नी लावली की तुकडा उडतो. पर्याय दोनच. एलटीबी-२ गनमेटल, म्हणजे तांबं ८५, कथील ५, जस्त ५, शिसं ५. भारतात सहज मिळतं, छान वाहतं, कानशीखाली लोण्यासारखं चालतं, पटिना सुरेख घेतं. दोष एवढाच की शिशामुळे वेल्डिंगला त्रास होतो: सांधा गरम असताना तडकतो आणि शिशाचा धूर निघतो. दुसरा सिलिकॉन ब्राँझ, तांबं साधारण ९५, सिलिकॉन ४, मँगनीज १. टिगने (विजेच्या वेल्डिंगचा एक प्रकार) उत्तम जोडलं जातं, शिसं नाही. तुम्हाला हात आणि पदर वेगळे ओतून जोडावे लागणार, म्हणून मी सिलिकॉन ब्राँझ घेईन. एक ओतीव गनमेटल, दुसरी सिलिकॉन असं मिसळू नका, पटिनात दोन रंग दिसतात. वेल्डिंगची सळईही शक्यतो त्याच वितळीच्या रनरमधून (रस आणणाऱ्या वाटेत गोठलेल्या धातूतून) कापा.

मेणाचं वजन करून धातू काढायची रीत आजही तीच. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मेणाच्या साच्याची कृती आहे, आणि तांब्या-पितळेसाठी मेणाच्या आठ-दहापट धातू घ्यायला सांगितलंय. मेणाची घनता ०.९५ आणि ब्राँझची ८.५ ते ८.८ धरली तर नऊपट येतेच. तुमचं मेण १.८ ते २ किलो भरेल, म्हणजे आकृतीला १६-१८ किलो. रनर, रायझर, कप मिळून आणखी १० किलो. मुशीत २८ किलो लागेल, म्हणून ४० नंबरची मूस घ्या. काठोकाठ भरलेली मूस उचलायची नसते.

मांडणी डोकं खाली, पाय वर. चेहऱ्याला सगळ्यात स्वच्छ आणि दाबाखालचा रस मिळतो, मळी तरंगत बैठकीकडे जाते. मुख्य रनर २५ मि.मी. चौकोनी, उघड्या पाठीतून खाली उतरवा. त्याच्या १२ ते १५ मि.मी.च्या फांद्या दर ८-१० सें.मी.वर त्या जाड कडेला जोडा. कड ७-८ मि.मी. असल्यामुळे ती उशिरा गोठते आणि अंगाला रस पुरवते, नंतर फांदी कापलेली जागा कडेवर घासून काढणंही सोपं. समोरच्या अंगाला एकही गेट (रस शिरायची वाट) लागत नाही. उलट्या स्थितीत जे टोक वर येतं तिथे हवा अडकते: लोंबत्या हाताची बोटं, नेसणीची मोकळी टोकं, आणि वाकलेला हात अंगासकटच ओतला तर त्याचं कोपर. तिथे ५-६ मि.मी.च्या हवावाटा द्या. बोटं अर्धवट निघाली तर नव्वद टक्के वेळा कारण हवा असतं, थंड रस नव्हे.

शेलचे ८ ते ९ थर, एकूण १० मि.मी. पहिले दोन बारीक वाळूचे, पुढचे भरड, शेवटचा नुसता स्लरीचा. खोलीचं तापमान २२ ते २५ अंशांत स्थिर ठेवा. दुपारी खोली तापली की मेण फुगतं आणि ओला थर तडकतो, मग ओतल्यावर अंगभर पंखासारख्या पातळ कडा येतात. कोकणात जून ते सप्टेंबर हे काम डिह्युमिडिफायरशिवाय करू नका. बाहेरून थर वाळलेला दिसतो, आत मांडीच्या पोकळीत ओला असतो. आत पंख्याची हवा नळीने सोडा आणि आतल्या थराला बाहेरच्यापेक्षा दुप्पट वेळ द्या.

मेण काढताना भट्टी आधी ८०० अंशांना न्या आणि शेल एकदम आत ठेवा. हळूहळू तापवलं तर मेण वितळायच्या आधी फुगून शेल फोडतं. प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचा साचा असेल तर नेमकं उलट: १०० ते १५० अंशांवर पाणी पूर्ण जाईपर्यंत थांबा, मग दोन-तीन दिवसांत ६५० पर्यंत चढवा. ७०० च्या वर प्लास्टर मोडायला लागतं आणि गंधकाचे वायू धातूत शिरतात. शेल ८५० ते ९०० ला तासभर भाजा, गार करा, आत दिवा सोडून तडे बघा, बुजवा, परत तापवा आणि लालसर असतानाच ओता. रस १,१०० ते १,१५० अंश. अंदाजाने ओतू नका, थर्मोकपल (तापमान मोजणारी काडी) बुडवून बघा. जास्त तापवलेला रस जास्त वायू शोषतो आणि गोठताना सोडतो, त्याचीच टाचणीच्या टोकाएवढी भोकं होतात. गनमेटल असेल तर ओतण्याच्या तोंडावर १५ टक्के फॉस्फरसचं फॉस्फर-कॉपर २८ किलोला ५०-६० ग्रॅम टाकून ग्रॅफाइटच्या दांड्याने ढवळा. सिलिकॉन ब्राँझला ते नको. गनमेटलमधलं जस्त पांढरा धूर देतं. तो धूर ताप आणतो, तेव्हा मास्क आणि उघडी हवा दोन्ही हवं.

पदर २ मि.मी.चा निघणार नाही. इतक्या रुंद पातळ पत्र्यात रस वाटेतच गोठतो आणि दोन प्रवाह भेटतात तिथे शिवण राहते. मोकळ्या कडेला ३, खांद्याजवळ ५ मि.मी. अशी उतरती जाडी ठेवा, पदर वेगळा ओता, लांब कडेला सलग पट्टीसारखा रनर द्या. कडेची फक्त शेवटची ४ मि.मी. घासून दीडवर आणली की सगळा पदर पातळ भासतो.

शाडू_ते_ब्राँझ:
फार मोलाची माहिती, दोघांचे आभार. दशताल घेतो आणि पाय मूस यांनी सांगितल्याप्रमाणे. आता एक नवा प्रश्न. २५ सें.मी.चा लहान नमुना तयार आहे. तो स्कॅन करून तिप्पट वाढवायचा, पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट काढायची आणि मेणाऐवजी तीच शेलमध्ये जाळायची, असं सुचवलं जातंय. माती, रबर, मेण सगळं वाचेल म्हणतात. करावं का?

मेणकाम:
थेट जाळू नका. पीएलए मेणासारखं वितळून वाहत नाही. आधी मऊ होऊन फुगतं, मग जळतं. मांडीसारख्या बंद भागात शेल फोडतं, आणि रंगीत फिलामेंट असेल तर राख मागे ठेवतं. ती राख चेहऱ्याच्या तळाशी बसते, कारण डोकं खाली आहे. करायचंच झालं तर भिंत १ मि.मी.च्या आत, आत विरळ जाळी, वरखाली हवेची भोकं आणि जळल्यावर शेल गार करून हवेने झटकणं, एवढं सगळं लागतं. मग वाचलं काय?

मोठी अडचण दुसरीच आहे. २५ सें.मी.च्या नमुन्यावर अंगठ्याचा दाब १५ मि.मी. रुंद असतो. तिप्पट केलात की तो ४५ मि.मी. होतो, आणि माणसाचा अंगठा तेवढा नसतो. ओठांची कड, पापणी, नखं लहान मापात सूचक असतात, मोठी झाली की साबणासारखी गुळगुळीत दिसतात. डिजिटल वाढवलेल्या पुष्कळ पुतळ्यांत जो निर्जीवपणा जाणवतो त्याचं कारण हे आहे.

स्कॅनचा उपयोग सांगाड्यापुरता करा. ७७.३ सें.मी.पेक्षा ४ मि.मी. आत ऑफसेट केलेली प्रिंट काढा, थर ०.३ चालेल, काचकागदाने खरबरीत करा आणि वर ऑइल क्लेचा ४ मि.मी. थर हाताने चढवा. प्रमाण आणि ओळंबा यंत्राने सांभाळला, त्वचा हाताने आली. उघड्या पाठीची कडही प्रिंटमध्ये कापू नका, मेणात कापा. गरम सुरीने मेण कापताना कड किंचित वळते आणि चमकते. ती खूण ब्राँझमध्ये जशीच्या तशी उतरते, आणि तुम्हाला हवंय ते नेमकं तेच आहे.

मग सिलिकॉन रबर ब्रशने तीन-चार थरांत, एकूण ६ ते ८ मि.मी. पहिला थर पातळ आणि बुडबुडे फुंकून फोडलेला. वर प्लास्टर किंवा एफआरपीचं (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचं) कवच दोन-तीन तुकड्यांत. शिवण दंडाच्या आणि मांडीच्या मागच्या बाजूने न्या, कुशीतून न्या, चेहऱ्याच्या कानामागून न्या. पोटावरून कधीच नको. फ्रेंच शिल्पकार रोदँ साच्याच्या शिवणी ब्राँझमध्ये तशाच ठेवत असे आणि त्या त्याच्या खडबडीत अंगाला शोभतात. ताणलेल्या चोळ पोटावर तीच शिवण जखमेसारखी दिसते.

मेण मायक्रोक्रिस्टलाइन. पहिला हात ९० अंशांच्या आसपास ब्रशने, खोबणी भरेपर्यंत. मग ७५ ला ओतून फिरवून बाहेर, मग ७० ला पुन्हा, साडेचार मि.मी. होईतो. जाडी अंदाजाने धरू नका, तापवलेली सुई टोचून दहा ठिकाणी मोजा. नाकाच्या आत, वक्षाच्या टोकाला आणि टाचेत मेण साचतं, ते आतून खरवडून काढा. गार झाल्यावर डोळे, बोटं, मेखला मेणातच पूर्ण करा. सुरुवातीच्या चोळ ब्राँझमध्ये बारीक काम बहुतांश मेणातच झालेलं दिसतं, नंतरच्या काळात धातूवर छिन्नीकाम वाढत गेलं. फरक डोळ्याला कळतो: मेणातली रेष फुगीर आणि मऊ, छिन्नीची कोरडी.

वरच्या पोताला वेगळं काही हवं असेल तर शिल्पकार मीरा मुखर्जींचं काम जवळून बघा. बस्तरच्या ढोकरा (मेणाच्या दोऱ्यांनी मूर्ती घडवणाऱ्या) कारागिरांकडून शिकून त्यांनी मेणाच्या दोऱ्या आणि पट्ट्या मोठ्या आकृतींवर आणल्या. आतल्या पोकळीच्या भिंतीवर ३ मि.मी.च्या मेणदोऱ्या आडव्या गुंडाळल्यात तर पोत मिळेल आणि भिंतीला फासळ्यांसारखा आधारही. उघड्या पाठीमुळे गेलेली ताकद त्यातून बरीच परत येईल.

पटिना:
समुद्र ३०० मीटरवर आहे हे मनात ठेवून सांगतो.

आधी हिरव्याबद्दल. चोळ मूर्तींवर आज जो हिरवा दिसतो तो पुरल्या गेल्याचा आणि काळाचा. घडल्या तेव्हा त्या घासून चकचकीत केलेल्या होत्या, पूजेत रोज न्हाणाऱ्या होत्या. परंपरेसाठी हिरवा हवा असं काही नाही. तुमच्या आकृतीला मी बाहेर उबदार तपकिरी आणि फक्त आतल्या पोकळीत हिरवा घेईन. आतली दोऱ्यांची खोबण तो रंग धरून ठेवेल.

क्रम असा. ग्लास-बीड ब्लास्ट (काचेच्या बारीक मण्यांचा मारा), मग हात न लावता स्वच्छ पाण्याने धुणं. बोटाचा तेलकट ठसा पटिनात उमटतोच. लिव्हर ऑफ सल्फर (गंधक आणि पोटॅशचं संयुग) १-२ टक्के, थंड, एक पातळ हात. काळसर झाला की स्कॉचब्राइटने उंचवटे उजळा. मग टॉर्चने अंग तापवा. पाण्याचा थेंब टाकताच चुर्र होऊन उडाला की तापमान योग्य, थेंब नाचायला लागला तर जास्त झालं. फेरिक नायट्रेट ३ ते ५ टक्के, ब्रशने किंवा फवाऱ्याने, पातळ, चार-पाच वेळा. एकदाच दाट लावलं तर पापुद्रा बनतो आणि पहिल्या पावसात सुटतो. आतमध्ये क्युप्रिक नायट्रेट ८-१० टक्के, ब्रशच्या टोकाने ठिपके देत. शेवटी भरपूर पाणी, आणि अंग कोमट असतानाच मेण.

अमोनियम क्लोराइडची कुठलीही कृती घेऊ नका, पुस्तकात कितीही सुंदर हिरवा दिसला तरी. क्लोराइड आत बसतो, दमट हवेत तांब्याशी पुन्हापुन्हा क्रिया करत राहतो आणि फिकट हिरवी भुकटी काढतो. हात लावला की बोटाला येते, खाली खड्डा असतो. समुद्राची हवा क्लोराइड आणतेच आहे, आपण आणखी घालू नये. त्याच कारणाने शेल काढायला आम्ल वापरलं असेल तर सोड्याच्या पाण्याने नीट धुवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर अजून कोणी बोललं नाही: पाठ उघडी आहे आणि आकृती पावसात आहे. पाणी नितंबांच्या आणि मांड्यांच्या पोकळीत साठेल, खारट होईल, आतून खाईल. पिंढरीतला गाभा पूर्ण उकरून काढा, कण राहिला तर तो ओल धरून बसतो. भरीव पावलातून टाचेकडे ८ मि.मी.चं भोक आरपार पाडा, दोन्ही पायांना. बैठकीतही सरळ खाली वाट ठेवा. भोक बारीक केलंत तर कुंभारीण माशी माती भरून ते बंद करते. बैठकीत घट्ट पकडायला आत सळई लागेल ती ३१६ स्टेनलेसची. साधं लोखंड गंजून फुगतं आणि घोटा आतून फोडतं.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा. चिंच, लिंबू, पीतांबरी यांतलं काहीही नको.

शाडू_ते_ब्राँझ:
पाण्याचा मुद्दा डोक्यातच नव्हता, अगदी वेळेवर सांगितलात. शेवटचा एक प्रश्न: उजवा हात वेगळा ओतायचा तर तो कापावा कुठे? वाकीच्या खाली सांधा लपवता येईल ना?

मूस:
लपवण्याचा मोह होतो, पण वाकीच्या खोबणीत कापू नका. तिथे टिगचं टंगस्टन पोचत नाही, सांधा अर्धवट भरतो आणि घासताना वाकीची कड जाते. वाकीच्या वर १५ मि.मी., दंडाच्या साध्या गोल भागावर कापा. साध्या अंगावरचा सांधा नीट घासला की पटिनाखाली सापडत नाही. कापण्याआधी मेणातच सांधा ओलांडून जाणाऱ्या तीन रेघा ओढून ठेवा, धातू जोडताना हात फिरून बसला नाही ना, हे त्यांवरून कळतं. आतून १० मि.मी. लांबीची बाही मेणातच ओढा म्हणजे हात दंडात खोचला जाईल. दोन्ही कडांना व्ही आकाराची ३ मि.मी. खाच ठेवा. डीसीवर ९० ते ११० अँपिअर, आर्गॉन मिनिटाला ८-१० लिटर, सळई २.४ मि.मी. आधी चार बाजूंना चार टाके, समोरासमोर, मग १५ मि.मी.चे तुकडे आळीपाळीने. सिलिकॉन ब्राँझ लाल असताना कमकुवत असतं, म्हणून हात शिकंज्यात आवळू नका, वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि प्रत्येक तुकड्यानंतर बोट सोसवेल इतकं गार होऊ द्या. भर अंगापेक्षा १ मि.मी. वर ठेवून आधी बारीक चपट्या कानशीने, मग १८० आणि ३२० च्या काचकागदाने दंडाच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवं घासलं की पटिनात कडं दिसतं. ब्लास्ट मग सगळ्या आकृतीला एकदमच मारा, नुसत्या सांध्याला नको.